उद्योगपतींची आत्मचरित्रे आणि आपली मुले

(संस्थेच्या वार्षिक पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



यशस्वी उद्योजकांच्या स्फूर्तिदायक आत्मचरित्रांविषयी मी आज बोलावे, असे चिटणीसांनी मला कळविले. विषय सोपा वाटला म्हणून मी लगेच होकार दिला. टिपणे काढावयास बसलो तेव्हा मात्र एक जुनी गोष्ट आठवली. ती सांगितल्याशिवाय या विषयावर बोलण्याचा मला अधिकार नाही. ती माझ्या स्वतःच्या चुकीची गोष्ट आहे.

पंचवीस-एक वर्षे झाली. मी एका माध्यमिक शाळेत गणित शिकवीत असे. नववीच्या वर्गात एक मुलगा होता. वडील बेकरीत भट्टीवर कामाला, आई घरी शिवणकाम करणारी. मुलगा हिशेबात तल्लख. शाळेच्या कपाटातले एक लहानसे पुस्तक मी त्याला कौतुकाने वाचावयास दिले. त्यात दहा-बारा कोट्यधीशांच्या गोष्टी होत्या. प्रत्येकाला तीन-चार पाने. चार दिवसांनी पुस्तक परत करताना तो म्हणाला, "सर, यातले निम्मे तर शाळा सोडून गेलेले आहेत!" मी हसलो आणि म्हणालो, "अरे, जिद्द असली की शाळा काय करते!" मी बोलून गेलो आणि विसरलो. तो विसरला नाही.

दिवाळीच्या सुट्टीनंतर तो शाळेत आला नाही. आईच्या दोन बांगड्या मोडून त्याने बसस्थानकाजवळ कॅसेटचे दुकान टाकले होते. थोडा माल रोखीने, बराचसा उधारीवर. नेमके तेच दिवस सीडी येण्याचे होते. गिऱ्हाईक कॅसेटकडे बघेना, आणि घेतलेला माल व्यापारी परत घेईना. चौदा महिन्यांत दुकान बंद पडले. पुढे सहा वर्षे दुसऱ्याच्या दुकानात नोकरी करून त्याने ती उधारी फेडली. बांगड्या काही परत आल्या नाहीत.

आज तो मोटारसायकलींच्या सीट शिवतो. भाड्याचा का होईना, गाळा आहे. बरे चालले आहे. गेल्या वर्षी रस्त्यात भेटला. त्याने मला एका शब्दानेही दोष दिला नाही. एवढेच म्हणाला, "सर, तुम्ही दिलेल्या पुस्तकात उधारी कशी फेडायची ते पान नव्हतं. आता माझी मुलगी नववीत आहे. तिलाही वाचायचा नाद आहे. तिला पुस्तक द्यायचं असलं तर ते पान असलेलं द्या."

मित्रहो, तेव्हापासून मी ते पान असलेली पुस्तके शोधीत आहे. काही सापडली. त्यांच्याविषयी आज आपणांशी बोलावयाचे आहे. आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे, असली पुस्तके कशी वाचावीत हेही सांगावयाचे आहे. कारण दोष त्या पुस्तकाचा जितका होता, तितकाच ते कसे वाचावे हे न सांगणाऱ्या माझ्यासारख्या शिक्षकाचा होता.

एक गोष्ट आधी ध्यानात घ्या. आत्मचरित्र कोण लिहितो? जो यशस्वी झाला तो. एकाच बाजारपेठेत शंभर माणसांनी दुकाने उघडली आणि नव्वदांची बंद पडली, तरी पुस्तक उरलेल्या दहांपैकी एखादाच लिहितो. त्या नव्वदांकडेही जिद्द होती, मेहनत होती, आईच्या बांगड्या होत्या. त्यांची कहाणी छापली जात नाही. म्हणून "अमुक माणसाने असे केले आणि तो मोठा झाला" एवढे वाचून तसेच करावयास निघणे म्हणजे सोडतीत बक्षीस लागलेल्या माणसाला पाहून घर गहाण टाकून तिकिटे घेण्यासारखे आहे.

मग ही पुस्तके वाचूच नयेत काय? वाचावीत, अवश्य वाचावीत. पण दुकानदार ज्या नजरेने दुसऱ्याची खातेवही वाचतो त्या नजरेने. मी मुलांना चार प्रश्न विचारावयास सांगतो. पहिला : या माणसाने काम शिकण्यात किती वर्षे घालविली? दुसरा : पहिले भांडवल कोठून आले? तिसरा : पहिले गिऱ्हाईक कोण, आणि ते का आले? चौथा : नुकसान झाले तेव्हा ते कोणी सोसले? हे चार प्रश्न वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा आणि मग पुस्तक उघडा.

आता पहिला प्रश्न. त्यासाठी मी डॉ. ख्वाजा अब्दुल हमीद यांचे उदाहरण घेतो. 'सिप्ला' कंपनीची औषधे आपल्यापैकी बहुतेकांच्या घरात आलेली असतील. कुटुंबात कोणाला दमा असेल तर नक्कीच. ती कंपनी काढणारे हे गृहस्थ. त्यांचे 'अ लाइफ टु रिमेंबर' हे इंग्रजी आत्मचरित्र १९७२ साली प्रसिद्ध झाले, आणि त्याच वर्षी ते निवर्तले. जन्म १८९८ चा, अलीगढचा. १९२० साली असहकाराच्या लाटेत ते सामील झाले. झाकिर हुसेन आणि इतर तरुणांबरोबर जामिया मिलियाच्या उभारणीत त्यांनी भाग घेतला. पण चळवळ म्हणून शिक्षण कायमचे सोडून दिले, असे त्यांनी केले नाही. ते जर्मनीला गेले. रसायनविद्येत त्या काळी जर्मनी सर्वांच्या पुढे होता. बर्लिनच्या विद्यापीठातून त्यांनी रसायनशास्त्रात डॉक्टरेट मिळविली.

हिंदुस्थानात परतल्यावर १९३५ साली त्यांनी मुंबईत कंपनीची नोंदणी केली. नाव 'केमिकल, इंडस्ट्रियल अँड फार्मास्युटिकल लॅबोरेटरीज'. या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून 'सिप्ला' हे नाव झाले. मंजूर भांडवल ६ लाख रुपयांचे. मुंबई सेंट्रलजवळ बेलासिस रोडवर एक छोटा बंगला दरमहा ३५० रुपये भाड्याने घेतला. स्वतः शोधलेली औषधांची सूत्रे त्यांनी कंपनीला दिली आणि त्यांबद्दल एक पैसाही मानधन घेतले नाही. पहिली औषधे बाजारात आली ती सप्टेंबर १९३७ मध्ये. म्हणजे कंपनी नोंदली तेव्हा त्यांचे वय ३६ होते, आणि पहिले औषध विकले गेले तेव्हा ३८.

पुढे दुसरे महायुद्ध पेटले, परदेशी औषधांचा पुरवठा तुटला, आणि देशात औषध तयार करू शकणाऱ्यांची किंमत सर्वांना कळली. लोक म्हणतील, युद्धामुळे त्यांचे नशीब उघडले. पण युद्ध सर्वांसाठीच आले होते. ज्याला औषध बनविता येत होते त्यालाच त्याचा उपयोग झाला. संधी दारात आली तेव्हा तयारी आधीच झालेली होती, आणि ती तयारी बर्लिनच्या प्रयोगशाळेत झाली होती. या कंपनीची पुढची गोष्टही सांगण्यासारखी आहे. २००१ साली एड्सवरील तीन औषधांचा वर्षाचा खर्च पाश्चात्त्य कंपन्यांच्या दराने दहा हजार डॉलरांहून अधिक होत असे. त्या वर्षी डॉ. हमीदांचे चिरंजीव डॉ. युसुफ हमीद यांनी तीच औषधे गरीब देशांत काम करणाऱ्या डॉक्टरांच्या संस्थेला वर्षाला ३५० डॉलरांत देऊ केली. दिवसाला एका डॉलरहूनही कमी! हे चिरंजीवही केंब्रिजहून रसायनशास्त्रात डॉक्टरेट घेऊन आलेले. त्या दोघांची विद्या मधून काढून टाका, मग मागे फक्त भाड्याचा बंगला उरतो.

"शेवटी धंदाच करायचा तर शिकून काय उपयोग?" असे आपल्यातले पुष्कळ पालक विचारतात. त्यांना माझे हे उत्तर आहे.

कोणी म्हणेल, "गुरुजी, हे पीएच.डी. वाल्यांचे झाले. आमचा मुलगा गॅरेजात आहे." ठीक आहे, गॅरेजातलेच उदाहरण घेऊ. जपानचे सोइचिरो होंडा हे लोहाराचे पुत्र. जन्म १९०६ चा. पंधराव्या वर्षी शाळा संपवून टोकियोच्या एका गॅरेजात कामाला लागले. पहिले काही महिने त्यांना पान्यालाही हात लावू दिला नाही. मालकाचे मूल सांभाळावयास लावले. पुढे ते उत्तम कारागीर झाले आणि इंजिनाची पिस्टन रिंग बनवू लागले. टोयोटा कंपनीला दाखविण्यासाठी ५० रिंगा निवडून पाठविल्या, त्यांतल्या फक्त ३ पास झाल्या. हाताला कसब होते, पण धातूत काय आणि किती मिसळावे याचे शास्त्र ठाऊक नव्हते. मग या माणसाने काय केले? तिशीला आलेला, स्वतःचा कारखाना असलेला हा माणूस तंत्रशाळेत पोरांच्या शेजारी जाऊन बसला आणि धातुशास्त्र शिकला. 'होंडा शाळा सोडून मोठा झाला' असे गोष्टीच्या पुस्तकात लिहिलेले असते. तो पुन्हा शाळेत गेला, हे लिहावयाचे राहून जाते.

दुसरा प्रश्न भांडवलाचा. येथे आत्मचरित्रे वाचताना फार सावध असावे लागते. "खिशात दमडी नव्हती" हे वाक्य वाचावयास गोड लागते, पण बहुतेकांच्या मागे कोणी ना कोणी उभे असते. आपल्या मातीतले उदाहरण घ्या. शंतनुराव किर्लोस्कर यांचे 'कॅक्टस अँड रोझेस' हे आत्मचरित्र १९८२ साली निघाले. कॅक्टस म्हणजे निवडुंग. किर्लोस्करवाडी ज्या माळावर वसली तेथे निवडुंग माजला होता आणि सापांचा सुळसुळाट होता. शंतनुरावांचे वडील लक्ष्मणराव हे मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवीत होते. नोकरीत डावलले गेल्यावर ती सोडून ते बेळगावला आले. तेथे दोघा भावांचे सायकलींचे दुकान होतेच. पुढे कडबा कापण्याचे यंत्र आणि लोखंडी नांगर त्यांनी बनविला. पण बेळगावातील जागा नव्या वस्तीसाठी गेली आणि कारखाना उठवावा लागला. त्या वेळी औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी जमीन दिली आणि १०,००० रुपये बिनव्याजी कर्ज दिले. १९१० साली किर्लोस्करवाडी उभी राहिली. लक्ष्मणराव तेव्हा ४० वर्षांचे होते.

राजेसाहेबांनी हे साहाय्य दिले ते कोणाला? कागदावर स्वप्ने रंगविणाऱ्याला नव्हे. वीस वर्षे यंत्रांत घालविलेल्या, चालते यंत्र समोर ठेवू शकणाऱ्या माणसाला. आणि त्या माळावर हिशेब लिहिण्यासाठी मंगेशराव रेगे यांच्यासारखा माणूस पहिल्यापासून होता. कारखाना लहान असतानाच वही नीट होती. आपल्याकडे उलटे होते. गल्ल्यातून घरखर्च, गल्ल्यातूनच लग्नाचा आहेर, आणि वर्षाअखेर विचारले तर "बरकत नाही" हे उत्तर! मुलाला जे गणित आपण शाळेत शिकवितो ते पेपरात लिहिण्यासाठी आहे असे आपण समजतो. ते गल्ल्यासाठी आहे.

भांडवलाविषयीच आणखी एक पुस्तक सांगतो. बांगलादेशचे मुहम्मद युनूस यांचे 'बँकर टु द पुअर'. युनूस हे चितगावच्या एका सोनाराचे पुत्र. अमेरिकेत अर्थशास्त्राची डॉक्टरेट घेऊन परतले आणि चितगाव विद्यापीठात शिकवू लागले. १९७४ साली देशात मोठा दुष्काळ पडला. विद्यापीठाच्या शेजारीच जोबरा नावाचे गाव होते. वर्गात मोठमोठे सिद्धांत शिकवावयाचे आणि कुंपणापलीकडे माणसे उपाशी, हे त्यांना सहन होईना. ते गावात जाऊन विचारपूस करू लागले. तेथे सुफिया बेगम नावाची बाई बांबूची मोडी विणीत होती. बांबूला ५ टका लागत. ते तिच्याजवळ नसत, म्हणून व्यापाऱ्याकडून घ्यावे लागत, आणि अट अशी की तयार मोडा त्यालाच विकावयाचा. तो तिला देई ५ टका ५० पैसे. दिवसभराची मजुरी ५० पैसे!

युनूस यांनी अशा सगळ्यांची यादी करविली. १९७६ साली ती यादी पुरी झाली तेव्हा ४२ माणसे निघाली, आणि त्या सर्वांना सावकाराच्या पाशातून मोकळे करण्यास लागणारी रक्कम होती ८५६ टका. त्या वेळचे सुमारे २७ डॉलर. ती त्यांनी खिशातून दिली. पण नेहमी खिशातून देऊन भागणार नव्हते, म्हणून ते बँकेत गेले. गहाण ठेवावयास काही नसलेल्यांना कर्ज देता येत नाही, असे उत्तर मिळाले. तेव्हा ते स्वतः जामीन राहिले. त्यातून १९८३ साली ग्रामीण बँक कायद्याने उभी राहिली, आणि २००६ साली युनूस व ती बँक यांना मिळून शांततेचा नोबेल पुरस्कार मिळाला. या बँकेच्या कर्जदारांत बहुसंख्य स्त्रिया आहेत.

पुढे अशा छोट्या कर्जांवर टीकाही झाली, आणि ती ऐकली पाहिजे. कर्ज म्हणजे उत्पन्न नव्हे. सुफियाजवळ विणण्याची कला होती आणि मोड्याला गिऱ्हाईक होते. कमतरता फक्त ५ टक्यांची होती. तेथे कर्ज उपयोगी पडले. माझ्या विद्यार्थ्याच्या दुकानात माल होता, उधारीही मिळाली होती, पण गिऱ्हाईक निघून चालले होते. तेथे उधारी म्हणजे फास झाला. कर्ज काढण्यापूर्वी आपण या दोघांपैकी कोणासारखे आहोत, हे मुलांनो, रात्री शांतपणे बसून वहीवर मांडा.

यावरून तिसऱ्या प्रश्नाकडे येतो : पहिले गिऱ्हाईक. किर्लोस्करांचा लोखंडी नांगर उत्तम होता, तरी पहिला नांगर विकला जाण्यास दोन वर्षे लागली. लोखंडाने जमिनीला विष चढते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. वस्तू चांगली असली म्हणजे ती आपोआप खपते, असे नाही. लोकांना ती पटावी लागते, आणि पटेपर्यंत तग धरावा लागतो.

हाच अनुभव जपानच्या अकिओ मोरिता यांना आला. 'सोनी' कंपनीच्या दोन संस्थापकांपैकी हे एक. त्यांचे 'मेड इन जपान' हे आत्मचरित्र १९८६ चे. १९४६ साली, युद्धात उद्ध्वस्त झालेल्या टोकियोत, मोरिता आणि मासारू इबुका यांनी कंपनी सुरू केली. मोरिता तेव्हा २५ वर्षांचे, पदार्थविज्ञानाचे पदवीधर. आता आपला दुसरा प्रश्न विचारा. त्यांच्या घराण्याचा तीनशे वर्षांचा धंदा होता आणि सुरुवातीस वडिलांचा पैसा मदतीला आला. हे त्यांनी लपविलेले नाही.

विजेवर भात शिजविण्याचे भांडे करून पाहिले. भात कधी कच्चा, कधी करपलेला. ते सोडून द्यावे लागले. मग १९५० साली त्यांनी ध्वनिमुद्रण करणारे यंत्र, टेपरेकॉर्डर, तयार केले. यंत्र नामी, पण वजन सुमारे ३५ किलो आणि किंमत सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेर. लोक बघत, आपला आवाज ऐकून हसत, कौतुक करीत आणि निघून जात. विकत कोणी घेईना. तेव्हा मोरितांच्या ध्यानात आले की यंत्र बनविणे हा अर्धाच धंदा आहे. ते कोणाला हवे आहे हे शोधणे हा उरलेला अर्धा. युद्धानंतर न्यायालयांत लघुलेखकांची टंचाई होती. साक्षी उतरून घ्यावयास माणसे पुरत नव्हती. ते यंत्र घेऊन न्यायालयाकडे गेले आणि तेथे ते खपले. यंत्र तेच, किंमतही तीच. गिऱ्हाईक मात्र ज्याची अडचण खरी तो!

मोरितांची आणखी एक हकिकत आपल्या लहान कारागिरांसाठी. १९५५ साली ते छोटा रेडिओ घेऊन अमेरिकेस गेले. तेथील एका मोठ्या कंपनीने एक लाख रेडिओंची मागणी दिली. अट एवढीच की रेडिओवर नाव त्या कंपनीचे घालावयाचे. त्यांच्या कंपनीच्या दृष्टीने ती रक्कम अफाट होती. मोरितांनी नकार दिला. आज आपले नाव पुसले तर पन्नास वर्षांनीही ते कोणाला कळणार नाही, असा त्यांचा विचार होता. मी असे म्हणत नाही की आलेली मागणी प्रत्येकाने परत पाठवावी. घरात चूल पेटायची असते. पण उत्तम कातडी चप्पल, उत्तम कुलूप, उत्तम भरतकाम करणारे आपले कारागीर पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्याच्या शिक्क्याखाली माल देतात आणि त्यांचे नाव कोठेच राहत नाही. निदान मुलाला एवढे तरी कळू द्या की नाव हेही भांडवल आहे, आणि ते चोख मालाने व शब्द पाळल्याने साठते.

आता चौथा प्रश्न : नुकसान कोणी सोसले? आणि येथे मला कबूल केले पाहिजे की मोठमोठ्या आत्मचरित्रांतही हे पान अपुरे असते. उधारीची गोष्ट असते, बुडालेल्या मालाची असते. पण त्या महिन्यांत घरात काय शिजले, कोणाचा दागिना गेला, कोणत्या बहिणीची शाळा थांबली, हे एखाद्या ओळीत उरकलेले असते. लिहिणारा बहुधा पुरुष असतो, आणि घर चालविणारी लिहीत नाही. माझ्या विद्यार्थ्याचे आत्मचरित्र कोणी लिहिले तर त्याच्या पहिल्या पानावर त्याच्या आईचे नाव असावयास हवे.

ह्या माता काही धंद्यात अडाणी नव्हेत. महिन्याची भिशी चालविणारी बाई वीस घरांचा पैसा तोंडी हिशेबावर सांभाळते. एकाही घरचा रुपया इकडचा तिकडे होत नाही. मसाले कुटून देणाऱ्या, शेवया करणाऱ्या, सुट्टीत शिवणाचे वर्ग घेणाऱ्या आपल्या स्त्रिया उद्योजकच आहेत. त्यांना आपण तसे म्हणत नाही, एवढेच. त्यांच्या मुलींना बारावीनंतर हिशेबलेखन, अन्नप्रक्रिया, औषधनिर्माण शिकू द्या. मुलीला शिकविलेली विद्या वाया जाते असे ज्यांना वाटते, त्यांनी भिशीवालीला तिचा हिशेब विचारून पाहावा.

आता पुन्हा वयाकडे येऊ. उद्योग उभा करताना हमीद ३६ वर्षांचे, लक्ष्मणराव किर्लोस्कर ४०, मोरिता २५. जोबऱ्यात ती यादी हाती आली तेव्हा युनूस ३६. माझ्या विद्यार्थ्याने दुकान टाकले तेव्हा तो पंधरा वर्षांचा होता. त्याच्यात अक्कल कमी नव्हती. आम्ही त्याला वेळ दिला नाही. गरिबाच्या मुलाला वेळ देणे परवडत नाही, हे मी जाणतो. पण म्हणूनच ही संस्था आहे, शिष्यवृत्ती आहे, वसतिगृह आहे. ज्या घरात वडिलांचा वडिलोपार्जित धंदा नाही आणि पाठीशी राजा नाही, त्या घराचे भांडवल म्हणजे मुलाची ही चार-सहा वर्षेच. ती बांगड्यांसारखी मोडून खाऊ नका.

समारोपापूर्वी तीन विनंत्या करतो.

विद्यार्थ्यांना विनंती अशी की सुट्टीत यांपैकी एक तरी पुस्तक वाचा आणि चार प्रश्नांची उत्तरे लिहून काढा. ही मूळ पुस्तके इंग्रजीत आहेत. ज्यांना ती जड जातात त्यांना शिक्षकांनी तासाला थोडी-थोडी वाचून मराठीत सांगावीत.

पालकांना विनंती ही की आपल्या धंद्यातले नुकसान मुलांपासून लपवू नका. आपण नफ्याच्या गोष्टी पाहुण्यांसमोर सांगतो आणि तोट्याच्या रात्री दबक्या आवाजात बोलतो. मुले दबक्या आवाजातले ऐकतातच, पण त्यातून शिकण्याऐवजी घाबरतात. त्यांना समोर बसवून सांगा : येथे मी चुकलो, एवढी रक्कम गेली, एवढ्या महिन्यांत फेडली.

आणि संस्थाचालकांना विनंती आहे की पुढच्या वर्षीच्या स्मरणिकेत दोन पाने राखून ठेवावीत. विद्यार्थ्यांनी आपल्या गल्लीतल्या बेकरीवाल्याची, गॅरेजवाल्याची, भिशी चालविणाऱ्या मावशीची हकिकत विचारून लिहावी, तोट्यासकट लिहावी. लाखोंच्या उद्योगाची गोष्ट दुरून पाहण्याची असते, पण शेजारच्या गाळ्याची गोष्ट मुलाला उद्या उपयोगी पडते.

त्या नववीतल्या मुलीचे राहिले. मागच्या महिन्यात मी तिच्या वडिलांच्या गाळ्यावर गेलो होतो. शाळा सुटल्यावर ती तेथेच बसून अभ्यास करते. मी तिला किर्लोस्करांच्या नांगराची गोष्ट सांगितली : दोन वर्षे एकही नांगर विकला गेला नाही, तरी त्यांनी हिंमत सोडली नाही, वगैरे. मला वाटले, मुलगी भारावून जाईल. तिने पेन्सिल खाली ठेवली आणि विचारले, "सर, मग त्या दोन वर्षांत घर कशावर चाललं?"

मी म्हणालो, "सायकलचं दुकान होतं, बाळ."

"म्हणजे जुना धंदा चालू ठेवून नवा केला," ती म्हणाली आणि तिने ते वहीत लिहून घेतले. मशीनवर बसलेल्या तिच्या वडिलांनी पायडल थांबवून माझ्याकडे पाहिले. ते काही बोलले नाहीत. पंचवीस वर्षांपूर्वी हा प्रश्न त्यांना विचारावयास शिकविणे माझे काम होते. ते राहून गेले. आपल्या मुलांच्या बाबतीत ते राहू नये, एवढ्यासाठीच मी आज येथे उभा राहिलो.